श्वास पाहावा, रोखावा की नामाला जोडावा?

प्रश्न (निपाणी)

नमस्कार. आमचे घराणे वारकरी असल्यामुळे श्वासागणिक ‘रामकृष्णहरी’ म्हणण्याची सवय मला लहानपणापासून आहे. पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. तेथे पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान असते, म्हणजे नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श जाणत राहायचे, आणि त्यात कोणतेही नाम, मंत्र वा रूप मिसळू नये, अशी स्पष्ट सूचना असते. आमच्या योगवर्गात मात्र पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) आणि रेचक (सोडणे) प्रमाणात बसवण्यावर भर आहे. हे तीन मार्ग एकत्र चालतील का? दुसरी अडचण व्यवहाराची आहे. शेजारीच तंबाखूची वखार असल्यामुळे हंगामात नाक चोंदते आणि तो सूक्ष्म स्पर्श मुळीच जाणवत नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर (खानापूर)

आपला गोंधळ रास्त आहे, कारण या तिन्ही ठिकाणी श्वासाकडून निरनिराळे काम करून घेतले जाते. मज्झिमनिकाय या बौद्ध पाली ग्रंथातील आनापानसती सुत्तात सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांची सुरुवातच दीर्घ श्वास दीर्घ म्हणून व ऱ्हस्व श्वास ऱ्हस्व म्हणून जाणण्यापासून होते. तेथे श्वास घडवायचा नसतो, कारण पुढे त्याच आधाराने अनित्यता पाहायची असते आणि आपणच चालवलेल्या श्वासात ती नीट दिसत नाही. पतंजलींचा प्राणायाम याच्या उलट दिशेने जातो. आसन स्थिर झाल्यावर श्वास-प्रश्वासांच्या गतीचा विच्छेद म्हणजे प्राणायाम, अशी त्यांची व्याख्या आहे, म्हणजे गती थांबवणे हाच तेथे अभ्यास आहे.

नामाच्या मार्गात श्वास हे नामाचे वाहन असते, आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. सूफींच्या ‘पास-ए-अनफास’मध्ये सामान्यतः उच्छ्वासाबरोबर ‘ला इलाहा’ आणि श्वासाबरोबर ‘इल्लल्लाह’ असे स्मरण चालते, तर एथोस पर्वतावरील ख्रिस्ती साधूंच्या परंपरेत येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हटली जाते. आपल्या भागाचेच उदाहरण द्यायचे तर जमखंडीचे गुरुदेव रानडे उपनिषदांचे गाढे अभ्यासक आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, तरी त्यांची स्वतःची साधना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी दिलेल्या नामाचीच राहिली.

माझे मत असे, की तिन्ही मार्गांविषयी आदर ठेवावा, पण एका बैठकीत एकच करावे. आनापानाला बसून मध्येच नाम घेतले की मन स्पर्श सोडून शब्दाला चिकटते आणि दोन्ही अर्धवट राहतात. विपश्यना पुढे चालवायची ठरवली, तर तेथील शिस्त पूर्ण पाळावी. नामाची ओढ खरी असेल, तर ती केवळ एका शिबिरामुळे सोडू नये.

नाक चोंदल्यावर श्वास जोराने ओढू नका. ब्रह्मदेशातील महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाचे वर येणे आणि खाली जाणे पाहतात, त्यामुळे नाकावर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र ती वेगळी पद्धत आहे, म्हणून आपल्या शिबिराच्या आचार्यांना विचारूनच ती घ्यावी.

उत्तर (चिक्कोडी)

वरील उत्तराला पूरक म्हणून आमच्या दिगंबर जैन परंपरेतील कायोत्सर्ग, म्हणजे देहभाव सोडून निश्चल राहण्याची साधना, सांगतो, कारण त्यात मंत्र आणि श्वास यांचा मेळ फार नेमका घातलेला आहे. दोन्ही पायांत चार अंगुळे अंतर ठेवून, हात सैल सोडून उभे राहायचे. णमोकार मंत्राचे एक आवर्तन तीन श्वासोच्छ्वासांत होते. श्वास घेताना ‘णमो अरिहंताणं’ आणि सोडताना ‘णमो सिद्धाणं’. दुसऱ्या श्वासात ‘णमो आइरियाणं’ आणि ‘णमो उवज्झायाणं’. तिसऱ्यात ‘णमो लोए’ आणि ‘सव्वसाहूणं’. अशी नऊ आवर्तने म्हणजे 27 श्वासोच्छ्वास. येथे श्वास कालाचे माप ठरतो, आणि देहाविषयीचे ममत्व सोडणे हा खरा हेतू असतो. माझी आजी पहाटे देवघरासमोर अशी उभी राहिली, की दूधवाल्याने हाक मारली तरी तिची मान हलत नसे.

त्यामुळे मंत्र मिसळला म्हणजे ध्यान बिघडलेच, असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्या परंपरेने तो मेळ विचारपूर्वक घातला आहे तेथे तो साधनेचेच अंग असतो. आपल्या मनाने दोन परंपरांचे तुकडे जोडणे ही गोष्ट मात्र निराळी आहे.

उत्तर (बेळगाव)

मी योग शिकवतो, म्हणून केवळ कुंभकापुरते लिहितो. हठयोगप्रदीपिकेतच असा इशारा आहे, की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही वश करावा, अन्यथा तो साधकाचा घात करतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी श्वास रोखू नये. आपले नाक धुळीने चोंदत असेल, तर त्या दिवसांत कुंभक पूर्ण बंद ठेवा, वखार चालू असताना अनुलोम-विलोमही करू नका, आणि त्रास हंगामानंतरही राहिला तर डॉक्टरांना दाखवा. नामस्मरणाला मात्र यांपैकी कशाचीच आडकाठी नाही. ते आपण आजही नेहमीप्रमाणे चालू ठेवू शकता.