एस्टीमचं हेड पोर्ट केलंय, आता कॅम कुठला टाकू?

घाटवेडा:
९७ ची मारुती एस्टीम आहे, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्हवाली, बाबांनी घेतलेली म्हणून विकायचा प्रश्नच नाही. हेड उतरवलं तेव्हा पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं) करून घेतलं, फेसही मारला (खालची बाजू घासून सपाट केली), मग भोसरीत फ्लो बेंचवर, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या मशीनवर, लावून बघितलं तर इनलेटचा फ्लो साडेआठ मिमी लिफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह तेवढा उचलेपर्यंत) मस्त चढतो, त्यापुढे काटा जागचा हलत नाही. एक्झॉस्टचा फ्लो इनलेटच्या ६८ टक्के. एक जण वापरलेला रॅली कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) देतोय, लिफ्ट साडेदहा, ड्युरेशन (क्रँकच्या किती डिग्री व्हॉल्व्ह उघडा राहतो ते) २९०. गाडी रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा ताम्हिणी. घेऊ का?

टॅपेटवाला:
नको घेऊस भावा. इनलेट व्हॉल्व्ह व्यासाच्या पाव भागाइतका उचलला गेला की कडेची फट आणि व्हॉल्व्हचं तोंड क्षेत्रफळाने सारखं होतं, म्हणजे ३६ मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर ९ मिमीला. तुझा पोर्ट तर त्याच्याही आधीच थांबतोय, मग साडेदहा लिफ्टने फक्त स्प्रिंग आणि रॉकर (कॅमवरून व्हॉल्व्ह दाबणारा हात) झिजणार. दुसरं, २९० कुठून मोजलंय ते विचार, सीटपासून (व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून) का १ मिमी लिफ्टपासून, त्याशिवाय दोन कॅमची तुलनाच होत नाही. सीटपासून असलं तरी इनलेट इतका उशिरा बंद होणार की खालच्या आरपीएमला भरलेलं मिक्स्चर परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जाईल, आणि चांदणी चौकाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडेल.

जुनी_मशीन:
वरच्यांचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. साडेआठच्या वर एकदम थांबायचं असं नाही, कारण व्हॉल्व्ह त्या उंचीवरून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना, त्यामुळे ९ च्या जरा वर लिफ्ट असली तर चांगल्या फ्लोमध्ये तो जास्त वेळ राहतो. मी ९.२ च्या आसपास, ड्युरेशन स्टॉकपेक्षा थोडंसंच जास्त असा बघीन. आणि तुझा एक्झॉस्ट कमकुवत आहे, त्याच्या लोबला (कॅमवरच्या उंचवट्याला) इनलेटपेक्षा ५-६ डिग्री जास्त दे, हा तुझ्या हेडसाठी लिफ्टपेक्षा महत्त्वाचा मुद्दा आहे.
रीग्राइंड (जुनाच कॅम घासून नवा आकार देणं) करणार असशील तर बेस सर्कल (लोबचा मागचा गोल भाग) लहान होतं, रॉकरचा स्क्रू किती बाहेर येतो ते बघ.

खंबाटकी_७८:
स्प्रिंग तपासल्याशिवाय काहीच लावू नका हो. मी नुसती लिफ्ट बघून कॅम बसवला होता, फुल लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत होते आणि घाटात रॉकर तुटला. फुल लिफ्टला निदान १ मिमी शिल्लक पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलला लागत नाही ना तेही बघा. हेड फेस केलंय म्हणजे पिस्टनकडचं अंतर कमी झालंय, तर पिस्टनवर मुलांची क्ले लावा, जुनं गॅस्केट टाकून हेड बसवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग उघडून क्ले ब्लेडने कापा आणि व्हर्नियर लावा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच, त्याखाली नको.

घाटवेडा:
रॅली कॅमवाल्याला नको म्हणून कळवलं. व्हॉल्व्ह मोजला, ३६ च निघाला. रविवारी स्प्रिंग आणि क्ले दोन्ही करतो, आकडे आले की इथेच टाकतो, मग ग्राइंडिंगवाल्याला दोन्ही लोबचं सांगतो.