आजोबांची वेताची खुर्ची – विणून घेऊ की रेक्झिन?

घोडबंदरकर: मंडळी, आजोबांची सागवानी खुर्ची आहे, बैठकीचा वेत मधोमध फाटलाय. सुतार म्हणतो प्लाय ठोकतो, वर फोम आणि रेक्झिन, दोन तासात काम. मन होत नाहीये, पण विणणारा कुठे शोधू?

बेलापूरची: प्लाय अजिबात नको दादा!! आधी फ्रेम उलटी करून बघा, कडेने बारीक भोकं असतील तर वेत हाताने विणावा लागतो, आणि भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी मिळते, ती पाण्यात भिजवून खाचेत ठोकतात आणि वरून वेताची पट्टी गोंदाने बसवतात, सुकली की जाळी आपोआप ताणली जाते, म्हणून ओली असताना थोडी सैल वाटली तरी घाबरू नका. ठोकायच्या आधी खाचेतला जुना गोंद मात्र नीट खरवडून घ्या.

चंदिगडमध्ये स्विस वास्तुविशारद पिएर जानरेने १९५०च्या दशकात सरकारी ऑफिसांसाठी केलेल्या खुर्च्याही सागवान आणि वेताच्याच. पुढे भंगारात गेल्या, आता परदेशात लिलावात लाखोंना जातात. वेत हवा खेळवतो हो, आपल्या दमट उन्हाळ्यात रेक्झिनला पाठ चिकटते.

ठाणे वेस्ट: +१. आईची खुर्ची विणून घेतली, कारागीर घरी येऊन दोन दिवस बसला होता. जुन्या फर्निचरच्या दुकानात विचारा, त्यांच्याकडे अशा लोकांचे नंबर असतात.

घोडबंदरकर: आत्ताच उलटी केली, भोकंच आहेत! सुताराला ‘नको’ म्हणून सांगितलं.