बाखच्या पार्टितात श्वास लपवावा का?

खर्जातला वारा:
एकट्या पाश्चात्त्य बासरीसाठी जर्मन संगीतकार बाखची ए मायनर पार्टिता (नृत्यचालींच्या भागांची मालिका) आहे (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०१३). तिचा पहिला भाग, आल्मांद, म्हणजे जलद सुरांची जवळजवळ अखंड माळ. दम घ्यायला जागाच ठेवलेली नाही. हल्ली काही वादक तो चक्रीय श्वासाने वाजवतात: गालातली हवा ओठांतून सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. सूर तुटतच नाही. मला हे पटत नाही. ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटतो, वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. जर्मन बासरीवादक क्वान्ट्झने बासरीवरच्या १७५२ च्या ग्रंथात श्वास कुठे घ्यावा यावर अख्खं प्रकरण लिहिलं, ते काय उगाच?

फुंकर:
असहमत. त्या प्रकरणाचा रोखच असा की श्वासामुळे जोडलेले सूर तुटू नयेत. मग हे तंत्र क्वान्ट्झच्या बाजूचंच झालं की! शिवाय पार्टिताची बाखच्या हातची प्रत नाही, नक्कल तेवढी उरली आहे. ती मुळात बासरीसाठीच होती का, अशी शंका अभ्यासकांनीही घेतली आहे.

खर्जातला वारा:
व्हायोलिनची म्हणा हवं तर. व्हायोलिनवाल्याला दम लागत नाही, तरी तो वाक्यं तोडतोच ना? खालच्या सुरावरून वर उडी घेताना किंचित रेंगाळलं की एका बासरीत दोन आवाज ऐकू येतात. श्वास तिथेच घ्यावा.

लाकडी:
तुम्ही दोघं भलत्याच जागी भांडताय. खरं नुकसान बासरी बनवणाऱ्या बोहेमच्या १८४७ च्या बासरीने, म्हणजे आजच्या चाव्यांच्या बासरीने केलं. जुन्या एका चावीच्या (छिद्र उघडझाप करणाऱ्या एकाच खटक्याच्या) लाकडी बासरीवर एफ आणि जी शार्प आडवळणाच्या बोटांनी काढावे लागतात, म्हणून झाकोळलेले येतात. ए मायनरमध्ये हे दोन्ही सूर सतत लागतात, त्यामुळे छटा आपोआप पडतात. बोहेमवर सगळे सूर एकसारखे. त्यात श्वासही काढून टाकला तर उरलं काय? याउलट फ्रेंच बासरीवादक ओतेतेरने १७०७ मध्ये सांगितलेलं फ्लातमाँ, म्हणजे छिद्राच्या कडेवर बोट हलवून सूर थरथरवणं, उघड्या छिद्रांच्या नव्या बासरीवरही जमतं. असली सरमिसळ मला चालते.

फुंकर:
म्हणजे जुन्याने नव्यावर चढायचं, नव्याने जुन्याला शिवायचं नाही? रेकॉर्डर (उभी बासरी) वाजवणारा ब्रुगन जुन्या संगीतातला दादा माणूस, आणि नव्या संगीताचा रचनाकार बेरिओने १९६६ मध्ये ‘जेस्ती’ ही रचना त्याच्यासाठीच लिहिली. राजस्थानातल्या लंगा या गायक-वादक जमातीचा सतारा, म्हणजे जोडबासरी, हीही ऐका. श्वास तुटत नाही म्हणून ती निर्जीव वाटते का?

खर्जातला वारा:
सताऱ्याची एक नळी आस (सतत चालणारा एकच आधारसूर) धरून असते, ती तुटून कशी चालेल? बाखच्या या रचनेत आस नाही. आणि बेरिओने नवं तंत्र मागितलं होतं, बाखने नाही.

फुंकर:
बरं, आल्मांदच्या दोन्ही अर्ध्या भागांची पुनरावृत्ती आहे. एकदा श्वास घेऊन, एकदा न घेता वाजवलं तर?

लाकडी:
ऐकेन. पण श्वासाविना आधी वाजवा. नंतर वाजवलंत तर लोक कसरत बघत बसतील.