मारुती ८०० रस्ता धरत नाही, हे मला पटत नाही

बिंदुसरा
गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या मांडवात गाड्यांचा विषय निघाला. माझ्याकडे १९९८ची मारुती ८०० अजून आहे आणि मी ती बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केज, अंबाजोगाईपर्यंत नेहमी नेतो, असं मी सांगितलं. तर तिघांनी एकदमच म्हटलं, "तो डबा आहे, रस्ता धरत नाही." त्यातल्या दोघांनी ही गाडी गेल्या पंधरा वर्षांत चालवलेली नाही आणि तिसऱ्यानं कधीच नाही. घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं, पण गाडी चालवलेली असावी.

माझं म्हणणं असं. इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, वजन जेमतेम साडेसहाशे किलो आणि रॅक-पिनियनचं (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचं) स्टेअरिंग, त्याला पॉवर स्टेअरिंगची मदत नाही. यामुळे पुढच्या चाकाखाली जे चाललंय ते थेट हातात येतं. घाटात चाळीस-पन्नासच्या वेगानं वळण घेताना चाकाखाली बारीक खडी आली तर मनगटाला आधी कळतं, मग कानाला. गाडी जास्त वेगात वळणात घातली तर नाक बाहेर जायला लागतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल करा, नाक परत आत येतं. माझ्या भावाची नवी गाडी हिच्यापेक्षा सगळ्या बाबतींत चांगली आहे, पण तिचं स्टेअरिंग डांबर आहे की चिखल हे सांगत नाही.

मग हे नाव पडलं कसं? मला वाटतं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, तेव्हा आपल्या रस्त्यांवर अँबेसेडर आणि फियाट होत्या. जाड पत्रा, दार लावलं की धप्प आवाज. त्या गाड्यांतून उतरून माणूस हिच्यात बसला आणि पत्र्यावर बोट दाबलं की पत्रा आत जातोय हे त्यानं पाहिलं. धडकेत ही गाडी कमजोर आहे, ते मी नाकारतच नाही. पण धडकल्यावर काय होतं आणि वळताना काय होतं हे दोन प्रश्न आहेत. पत्र्याची बदनामी चाकांच्या माथी मारली गेली. तीस वर्षं झाली, कुणी तपासून बघत नाही.

फियाटवाला_परभणी
मी चालवली आहे, त्यामुळे बोलण्याचा हक्क आहे. आमच्याकडे २००३ ते २०११ ही ८०० होती आणि वडिलांची पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाटच, आजही आहे. दोन्ही जिंतूर रस्त्यावर, माझ्याच हातांनी.

वळणाबद्दल तुम्ही म्हणता ते रिकाम्या गाडीपुरतं खरं आहे. पण गाडी घाटात किती वेळ असते? उरलेला सगळा वेळ सरळ रस्त्यावर जातो आणि आपल्याकडे सरळ रस्ता सपाट कधीच नसतो. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, ८०० मध्ये २१७५. साडेसोळा सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. उंचवट्यावरून गेल्यावर कळतं. पद्मिनी एकदा खाली-वर होते आणि बसते. ८०० नाचत राहते. त्यात पद्मिनीला १४ इंची चाक, हिला १२ इंची. ज्या खड्ड्यावरून ती निघून जाते त्यात ही पडते.

आणि हलकं स्टेअरिंग सगळं सांगतं म्हणून ते चांगलं, हे मला मान्य नाही. पद्मिनीचं उभ्या गाडीत दंड भरून येईल इतकं जड, पण गाडी पळायला लागली की हातात स्थिर होतं. ऐंशीच्या पुढे मला माझ्या हातात वजन हवं असतं.

बिंदुसरा
पद्मिनीबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या वडिलांना विचारा, पहिल्या पावसात चढावरच्या वळणाला मागची चाकं ढकलत असताना त्या पाट्यांच्या स्प्रिंगवर मागची बाजू कशी सरकते. ८०० मध्ये इंजिनाचं वजनच ओढणाऱ्या चाकांवर आहे. ओल्या घाटात मला ती जास्त भरवशाची वाटते.

काळं_रान
मी रस्त्यांच्या कामावर वीस वर्षं काढली, म्हणून एक भर घालतो. ज्याला तुम्ही दोघं गाडीचा गुण-दोष म्हणताय, त्यातला निम्मा भाग आपल्या मातीचा आहे.

आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच रस्त्याखाली चालू असतं. रस्त्याच्या मध्यभागी डांबराचं झाकण असतं, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दर वर्षी फुगते आणि बसते. त्यामुळे कडा खाली जातात, लांबीला चिरा पडतात आणि काही वर्षांत अख्खा रस्ता लाटांसारखा होतो. खाली मुरूम भरून, पाण्याचा निचरा नीट करून बांधलेला रस्ता टिकतो. पण आतल्या गावांच्या रस्त्यांना तेवढी खोली कुठे मिळते?

अशा लाटेवर आखूड गाडीची पुढची चाकं चढावर आणि मागची उतारावर असं वारंवार होतं. ज्या वेगाला गाडीचा स्वतःचा हेलकावा आणि रस्त्याची लाट जुळतात, त्या वेगाला ती नाचते. लांब गाडीही नाचते, पण वेगळ्या वेगाला. म्हणून फियाटवाले खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांनी गाडीची परीक्षा घेतली की रस्त्याची, हे ठरवावं लागेल. आपल्या मातीबद्दल आपण इतकं कमी बोलतो याचं मला फार वाईट वाटतं.

मेस्तरी_जालना
राम राम मंडळी. तीस वर्षं झाली याच गाड्या खोलायलो, म्हणून सांगायलो. माझ्याकडं जी ८०० "रस्ता सोडायली" म्हणून येते, तिच्यातल्या दहातल्या आठ गाड्यांत गाडीचा गुन्हा नसतोय.

पहिलं बघायचं लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश. रबर असतंय ते, वाळून तडकतंय. मग ब्रेक मारला की चाक जागेवरून जरासं हलतं अन् गाडी एका बाजूला ओढती. दुसरं टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक, अन् रॅकचा ढिलेपणा. स्टेअरिंग मधोमध धरून बोटभर हललं अन् चाक हललंच नाही, तर समजायचं काम आलं. तिसरं शॉकअप, गाडीचं झुलणं थांबवतंय ते. कोपऱ्यावर दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक. तीनदा झुलली तर शॉकअप गेलाय.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट हवा. टायर १४५/७० आर १२, केवढंसं टायर ते! पंपावर पोरगं सगळ्यांना एकच पस्तीसची हवा मारतंय. पुस्तिकेत लिहिलेली हवा तिच्यापेक्षा कितीतरी कमी हाय. एवढी हवा भरल्यावर टायर दगडावानी कडक होतंय, रस्त्याला त्याचा मधला पट्टाच टेकतोय. मग गाडी उड्या मारायली म्हणून गाडीलाच शिव्या. काही जण १३ ची रिम अन् रुंद टायर बसवत्यात. दिसायला भारी, पण स्टेअरिंग जड होतंय अन् पूर्ण वळवलं की टायर घासतंय. ज्या गाडीचं वळणंच सोपं, तिचं तेवढं एक सुख पण घालवायचं.

बिंदुसराभाऊ, तुमच्या गाडीचे बुश कवा बदललेत?

बिंदुसरा
खरं सांगतो, आठवत नाही. बघून घेतो.

अंबाजोगाईची_लेक
मी याच गाडीवर शिकले आणि तिच्यावर माझा जीव आहे, तरी मी विरोधी बाजूला उभी आहे.

२००९ ची गोष्ट. गाडी नीट ठेवलेली, बुश-शॉकअप सगळं केलेलं, टायर नवे, हवा मोजून भरलेली. मेस्तरींनी सांगितलेलं एकही कारण तिथे लागू नव्हतं. मी एकटीच लातूरहून अंबाजोगाईला येत होते, वेग ऐंशीच्या आसपास. वळिवाचा वारा डावीकडून सुटलेला आणि समोरून कापसानं भरलेला ट्रक आला. ट्रक शेजारून जाताना त्याच्या हवेनं आधी गाडीला डावीकडे ढकललं, तो निघून जाताच ते ढकलणं एकदम गेलं, आणि गाडी हातभर उजवीकडे सरकली. उजवीकडचं चाक मधली पट्टी ओलांडून गेलं. मागे दुसरं वाहन नव्हतं, समोरूनही नंतर कुणी आलं नाही, म्हणून निभावलं. पुढे बाजूला थांबून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

दोष मी माझ्या वेगाला देते. मात्र त्या रस्त्यावरचं प्रत्येक वाहन त्याच वेगानं जात होतं. हलकी, अरुंद आणि तिच्या रुंदीच्या मानानं उंच गाडी आडव्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे तिचं अंगच आहे. स्टेअरिंग सगळं सांगतं हे बरोबर, पण त्या क्षणी सांगून झाल्यावर करायला वेळ उरत नाही. बिंदुसरा, तुम्ही वळणांबद्दल लिहिलंत, वाऱ्याबद्दल एक ओळही नाही.

गोदाकाठ
वाहन शिकवणारा म्हणून एवढंच म्हणतो: ४.४ मीटरच्या त्रिज्येत वळणारी गाडी नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत मिळाली म्हणून माझ्या हाताखाली हजारभर माणसं बिनधास्त शिकली. वळवणं म्हणजे नुसता हायवेचा वेग नव्हे.

फियाटवाला_परभणी
ताईंचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटतं. त्याला जोडून एक हिशेब मांडतो, तो आजवर कुणी मांडलेला पाहिला नाही.

आपल्याकडे गाडीत एकटा माणूस कधी बसतो? चार मोठी माणसं धरा, प्रत्येकी ६५ किलो, म्हणजे २६० किलो. ८०० चं स्वतःचं वजन ६५०. म्हणजे गाडीच्या चाळीस टक्के वजन नव्यानं आत आलं. पद्मिनी नऊशेच्या जवळपास, तिला तेच २६० किलो एकोणतीस टक्के पडतं. वरून दिवाळीला गावाकडे जाताना डिकीत पीठ, डाळीची पोती आणि टपावर गाद्या. मागच्या सीटवर नि डिकीत वजन पडलं की मागची बाजू बसते आणि पुढची उचलते. पुढच्या चाकांनीच वळायचंय, ओढायचंय आणि बरंचसं थांबायचंही आहे, आणि नेमका त्यांच्यावरचाच वजनाचा वाटा कमी झाला. रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर.

बिंदुसरा रिकाम्या गाडीचं कौतुक करतात. लोकांनी नाव ठेवलं ते भरलेल्या गाडीला. आणि मराठवाड्यात गाडी भरूनच चालते. त्यामुळे लोकांचा निकाल चुकीचा नाही, असं माझं मत आहे. बिंदुसरांनी चार माणसं बसवून तोच घाट चढून दाखवावा.

बिंदुसरा
रास्त आहे. आधी बुश करून घेतो, मग जातो.

बिंदुसरा (तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो. दोन्ही लोअर आर्मचे बुश खरोखर तडकलेले निघाले, उजव्या बाजूचा टाय रॉड एंडही. सगळं बदललं, अलाइनमेंट केलं, हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवली. मेस्तरी, पहिल्याच दिवशी फरक कळला. ब्रेकला डावीकडे ओढायची ती बंद झाली. मी तिला तिची सवय समजत होतो.

आधी एकटा गेलो. घाटात वर लिहिलंय तसंच, किंबहुना त्याहून चांगलं. नंतर तीन चुलत भाऊ घेतले, त्यातले दोघे चांगले अंगापिंडानं, आणि डिकीत चाळीस किलोचं एक पोतं.

चढावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं पुढचं चाक जागेवर फिरून किंचाळलं. एकट्यानं जाताना हे कधीच झालं नव्हतं. उतारावर ब्रेकचं अंतर वाढलं, तरी गाडी सरळ राहिली. वळणात अंग जास्त कलतं, पण चाक सुटत नाही. इथपर्यंत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

मग नेकनूरच्या पुढे आतल्या गावाला जाणाऱ्या एका जुन्या डांबरी रस्त्यावर घातली. काळं_रान यांनी सांगितलेल्या लाटा तिथे डोळ्यांनी दिसतात. पन्नासला काही नाही. साठला मागचे दोघे छताकडे हात नेऊ लागले. सत्तरला, दुसऱ्या उंचवट्यावरून उतरताना, माझ्या हातातलं स्टेअरिंग क्षणभर रिकामं झालं. ज्या हातांना ही गाडी सगळं सांगते म्हणून मी एवढं लिहिलं, त्या हातांना त्या क्षणी काहीही कळलं नाही. मी पाय काढला आणि परत चाळीसवर आलो. फियाटवाले, तुमचा हिशेब बरोबर आहे. मांडवात तिघांनी म्हटलेलं वाक्य मात्र मला अजूनही मान्य नाही, कारण त्यात "भरल्यावर" आणि "साठच्या पुढे" हे शब्द नव्हते.

ताई, वाऱ्याचं तपासायचं धाडस मी केलं नाही. तुमचं जसंच्या तसं मान्य.

मेस्तरी_जालना
भरून जायचं असलं तर पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी वेगळी हवा दिलीय का, ते बघा. अन् डिकीतलं पोतं मागच्या सीटच्या पायाशी घ्या. वजन जेवढं पुढं सरकल तेवढं स्टेअरिंगला बरं.

फियाटवाला_परभणी
एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत, मग मलाही गप्प बसता येत नाही. तुमच्या पावसाच्या मुद्द्यावर मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पद्मिनी ओल्या चढावर दोनदा आडवी झाली होती, मला सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पद्मिनी घेऊन बीडला येतो. तोच घाट, तोच आतला रस्ता, तेच तिघे भाऊ आणि तेच पोतं. पाऊस असला तर अजून चांगलं. पहिली फेरी तुम्ही पद्मिनी चालवा, मी मागून तुमची ८०० आणतो.