गाय-म्हशीचं दूध की सोया, बदाम, ओटचं? पोषणाच्या हिशेबाने बोलूया

मेघना_आहार

शहरातल्या बऱ्याच शाकाहारी घरांत सकाळचं दूध बंद करून बदामाचं नाहीतर ओटचं पेय आणलं जातंय, आणि कारण सांगितलं जातं ते तब्येतीचं. मला हे चुकीचं वाटतं. का, ते आकड्यांत सांगते.

गायीच्या १०० मिली दुधात साधारण ३.२ ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हशीच्या दुधात प्रथिनं थोडी जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत रोज ३०० मिली दूध किंवा दही सुचवलंय. तेवढ्यात जवळपास १० ग्रॅम प्रथिनं आणि दिवसाच्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमपैकी तिसरा हिस्सा मिळतो. शिवाय जीवनसत्त्व बी१२. अंडी-मासे न खाणाऱ्या घरात बी१२ चा नैसर्गिक स्रोत दूध-दही एवढाच.

आता बदाम पेयाचा डबा उलटा करून घटक वाचा. बदाम बहुधा २ ते ३ टक्के, बाकी पाणी, थोडं मीठ, घट्टपणासाठी डिंक. २०० मिलीच्या पेल्यात चार-पाच बदाम आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. किंमत पिशवीच्या दुधाच्या चार-पाच पट. चार-पाच बदाम भिजवून खाल्ले तर तेच मिळतं, वर चोथाही पोटात जातो.

सुधन्वा_सोया

बदामाला हरवलंत, पण म्हणून दूध जिंकत नाही. वनस्पतींची सगळी दुधं एका पारड्यात घालणं हीच या चर्चेतली मोठी गफलत आहे. सोयाच्या दुधात १०० मिलीला ३ ते ३.५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे गायीच्या दुधाच्या बरोबरीने. कडधान्यांत सोयाबीनचं प्रथिन दर्जालाही सगळ्यात वरचं. दूध सोडून कोणी सोयाकडे जात असेल तर प्रथिनांच्या नावाने त्याला अडवायचं कारण नाही.

फॅटचाही हिशेब मांडा. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट. रोज अर्धा लिटर घेतलं तर ३० ग्रॅम, आणि त्यातलं १९-२० ग्रॅम संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा साधारण २२ ग्रॅम धरतात. म्हणजे तूप, खोबरं, शेव-चिवडा अजून मोजायचाच आहे आणि कोटा दुधातच संपला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला 'दूध पूर्णान्न आहे' सांगून रोज असं दूध पाजणं मला मान्य नाही. सोयाच्या दुधात संपृक्त स्निग्धांश नाममात्र असतो.

आणि मोठेपणी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. दूध प्यायल्यावर दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, तरी ते सवयीने पीत राहतात.

डेअरी_तंत्र_सांगली

सुधन्वा, तुम्ही धरलं ते सगळ्यात जड दूध. पिशवीचं दूध एकच नसतं. फुल क्रीम ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५, स्किम्ड अर्धा टक्क्याच्या आत. फॅट उतरतं तरी एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, साडेआठ ते नऊ टक्क्यांच्या घरात ठेवावंच लागतं, म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम जागच्या जागी. तोच अर्धा लिटर डबल टोन्ड घेतलात तर संपृक्त स्निग्धांश पाच ग्रॅमच्या आत येतो. टोन्ड दूध ही तर मुंबईचीच देणगी आहे: म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड पावडर आणि पाणी मिसळून ते स्वस्त करायची पद्धत मुंबईचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडींनी आणली. १९६३चा मॅगसेसे पुरस्कार अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर त्यांनाही मिळाला.

घरी साय काढून दूध हलकं होतं हा समज मात्र पूर्ण खरा नाही. होमोजिनाइज्ड दुधात फॅटचे गोळे बारीक केलेले असतात, ते वर येत नाहीत. साय पातळ धरते आणि बरंचसं फॅट खालीच राहतं. कमी फॅट हवं तर पिशवीच डबल टोन्डची घ्या.

लॅक्टोजवर उपाय दूध सोडणं हा नाही. विरजताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खातात, म्हणून दही-ताक बऱ्याच जणांना पचतं. लॅक्टोज-मुक्त दुधात लॅक्टेज विकर (एन्झाइम) घालून साखर आधीच फोडलेली असते. ते गोड लागतं, पण वरून साखर घातलेली नसते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट: अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, धाप लागते. तिथे दहीही चालत नाही आणि लॅक्टोज-मुक्त दूधही नाही.

सुधन्वा_सोया

ॲलर्जीचा मुद्दा मान्य. डबल टोन्डचाही मान्य, पण किती घरांत ते येतं? चहा दाट हवा म्हणून फुल क्रीमच घेतात.

डब्याचं सोया महाग पडतं, म्हणून घरची रीत. १०० ग्रॅम सोयाबीन ८ ते १० तास भिजवा, उन्हाळ्यात दोनदा पाणी बदला. हाताने चोळून सालं काढा. मग उकळतं पाणी घालून वाटा. इथेच बहुतेकांचं चुकतं. गार पाण्यात दाणा फुटला की त्यातलं लायपॉक्सिजिनेज विकर लगेच काम सुरू करतं आणि तो कच्चट, हिरवट वास येतो. नंतर कितीही वेलची घाला, जात नाही. ८० अंशांच्या वर वाटलं तर विकर तिथेच मरतं. मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं.

एकूण ८०० मिली पाणी धरा. सुती फडक्यातून पिळून गाळा. मोठ्या पातेल्यात मंद आचेवर, तळ ढवळत ठेवा. दूध उकळायच्या आधीच फेस भसाभस वर येतो. ती उकळी नव्हे. लोक तिथे गॅस बंद करतात आणि दूध कच्चं राहतं. फेस मोडून खरी उकळी आल्यावर १५ ते २० मिनिटं उकळा, कारण कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारा ट्रिप्सिन-रोधक घटक असतो. नीट न शिजलेल्या सोयादुधाने मळमळ आणि जुलाब होतात. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात घाला, पण तोही शिजला पाहिजे. दूध फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

चहा_पाहिजेच

सोयाचं दूध चहा-कॉफीत फाटतं, त्याचं काय?

सुधन्वा_सोया

आम्लता आणि उष्णता एकत्र आली की सोयाचं प्रथिन साकळतं. कॉफीत जास्त, कारण ती अधिक आंबट. चहा गाळून मिनिटभर थांबा, दूध वेगळं कोमट करा आणि चहा दुधात हळूहळू ओता. उकळत्या चहात गार सोयादूध ओतलं तर फाटणारच.

मेघना_आहार

रीत उत्तम सांगितलीत, पण या घरच्या दुधात कॅल्शियम १०० मिलीला २०-२५ मिलिग्रॅम, आणि बी१२ शून्य. तुमची बरोबरी प्रथिनांपुरतीच. मग ही भर कशाने काढायची तेही सांगा. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १७५, पण धान्यातल्या फायटेट या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं शोषलं जातं कमी. नाचणी मोड आणून वापरली तर बरं. १० ग्रॅम तिळात कॅल्शियम चांगलं असतं, पण बरंचसं सालीत आणि ऑक्झलेटला बांधलेलं, म्हणून तेही कमी शोषलं जातं. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३० टक्के शोषलं जातं, आणि त्यासाठी काही वेगळं जमवावं लागत नाही.

सुधन्वा_सोया

म्हणून फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषकं घातलेलं, सोया घ्यायचं. लेबलवर १०० मिलीला १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि बी१२ दोन्ही असेल तरच. कोणता क्षार घातलाय तेही वाचा. कॅल्शियम कार्बोनेट दुधातल्याइतकंच शोषलं जातं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काहीसं कमी. आणि डबा जोरात हलवल्याशिवाय ओतू नका. कॅल्शियम तळाशी गाळ होऊन बसतं, वरचे पेले कोरडे जातात आणि शेवटचा गाळ लोक विसळून टाकतात.

शर्करा_सल्ला

मधुमेह असणाऱ्यांनी ओटच्या पेयाबद्दल जपून. कारखान्यात ओटचा स्टार्च विकराने फोडतात, त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. 'साखर घातलेली नाही' हे खरं असलं तरी पेल्यात साखर असते, आणि प्रथिनं एक टक्का. ओटमधल्या बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या तंतूचा फायदा हवा तर ओट शिजवून खा.

बालआहार_पुणे

वरची सगळी चर्चा मोठ्यांची. वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून गायीचं दूधही नाही आणि वनस्पतीचंही नाही. आईचं दूध, आणि ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं फॉर्म्युला. तांदळाच्या पेयावर ठेवलेल्या बाळांना क्वाशिओरकोर (प्रथिनांच्या कमतरतेचं गंभीर कुपोषण) झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. एक ते पाच वर्षांत दूध द्यायचं नसेल तर पर्याय एकच: फोर्टिफाइड, बिनसाखरेचं सोया.

आणि दुधाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेही ऐका. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ७००-८०० मिली दूध पाजलं की पोळी-वरण-भाजीला भूक उरत नाही. दुधात लोह जवळपास नसतंच. मूल गुटगुटीत दिसतं आणि हिमोग्लोबिन घसरलेलं असतं. ४००-५०० मिलीच्या वर जाऊ नका.

सुधन्वा_सोया

भेसळीवर कोणीच बोललं नाही.

डेअरी_तंत्र_सांगली

बोलू. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीने असुरक्षित ठरलेले १२ निघाले. खरी काळजी दुसरी होती: ३६८ नमुन्यांत अफलाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष मर्यादेच्या वर. बुरशी लागलेली पेंड जनावराने खाल्ली की ते दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. ओली सरकी पेंड, भिजलेला मका गोठ्यात न घालणं हाच उपाय, आणि संकलन केंद्रावर त्याची तपासणी व्हायला हवी. दूध सुरक्षित आहे म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

पण तीच बुरशी थेट शेंगदाण्यावरही वाढते. शेंगदाण्याचं दूध किंवा दही घरी करणाऱ्यांनी दाणे भिजवण्याआधी परातीत पसरून निवडावेत. सुरकुतलेला, काळपट, खवट वासाचा प्रत्येक दाणा काढून टाकायचा. भाजून किंवा उकळून हे विष पुरतं निघत नाही.