पानाच्या शिरांवरून चित्रमालिका करताना जाळी जिवंत का वाटत नाही?

प्रश्न: मी बेळगावात चित्रकला शिकते आहे. खानापूरकडून आणलेल्या पिंपळपानांवरून शाईने चित्रमालिका करते आहे. परंतु माझ्या रेषा फांद्यांसारख्या नुसत्या फुटत जातात आणि पानाचा जिवंतपणा त्यांत उतरत नाही. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर: ताई, पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहावे. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा बहुतेक ठिकाणी एकमेकींना मिळून बंद कप्पे करतात, आणि म्हणूनच किडीने एखादी शीर कुरतडली तरी पाणी दुसऱ्या वाटेने पुढे पोहोचते. तुमच्या रेषा फुटतात, पण पुन्हा भेटत नाहीत. मला तरी तेवढेच उणे दिसते.

दुसरे उत्तर: वरील मताशी मी सहमत आहे. सूर्यफुलाचाही अभ्यास जरूर करावा, आपल्या जिल्ह्यात ते शेतातच पाहायला मिळते. त्याच्या बिया दोन दिशांना वळणाऱ्या ओळींत असतात, पुष्कळदा एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५, कारण प्रत्येक नवा अंकुर आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर उगवतो. मी कोनमापक घेऊन, दर वेळी केंद्रापासून किंचित दूर सरकत, एकेक ठिपका मांडला, तेव्हा एकही वळण न काढता सारी वळणे कागदावर उमटली. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

प्रश्नकर्ती: दोघांचीही मनापासून आभारी आहे. आज मधल्या शिरेऐवजी एका बंद कप्प्यापासून सुरुवात केली आणि त्याला शेजारचे कप्पे जोडत गेले. पहिल्यांदाच कागदावर पान दिसले.