चूल, आगटी आणि धुराडे : भिंतीतल्या विस्तवाच्या जागेला काय म्हणावे?

प्रश्न : पुणे कॅम्पातील एका जुन्या दगडी बंगल्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मराठीत तयार करीत आहे. दिवाणखान्याच्या भिंतीत फायरप्लेस असून तिचा तळ खचला आहे आणि पुढचे दगड तडकले आहेत. गवंडी या सगळ्यालाच ‘चूल’ म्हणतात. ‘चूल नव्याने बांधणे’ असे लिहिलेले चालेल का? तळ, पुढचा दगड आणि वरची फळी यांना वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : ‘चूल’ हा शब्द येथे टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. संस्कृत ‘चुल्ली’पासून आलेल्या या शब्दाला मराठीत स्वयंपाकाचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे, की ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणजे वेगळा संसार थाटणे आणि ‘चूलबंद आमंत्रण’ म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायचे बोलावणे, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या बंगल्यातील जागा मात्र शेकण्याची आहे. 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्याबरोबर अशा धाटणीचे बंगले आले; वाड्यांमध्ये भिंतीतल्या विस्तवाभोवती बसण्याची रीत नव्हती. शेकोटी उघड्यावरची आणि शेगडी उचलून नेण्याची, म्हणून तेही शब्द जुळत नाहीत. थंडीत शेकण्यासाठी केलेल्या विस्तवाच्या जागेला ‘आगटी’ म्हणतात. तो शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. तीन दगडांची चूल ‘मांडतात’, मातीची चूल ‘घालतात’ आणि दगडविटांचे काम ‘बांधतात’. चूल घालणाऱ्या बाईचे काम जवळून पाहिले, तर हा फरक लगेच पटतो : ती तूस किंवा लीद मिसळून मळलेली माती थराथराने चढवते, भांडे टेकायला वर तीन उंचवटे काढते, शेजारच्या वैलाकडे, म्हणजे जोडून असलेल्या लहान चुलीकडे, जाळ जावा म्हणून मधल्या भिंतीला भोक ठेवते आणि ओल्या हाताने सगळे गुळगुळीत करून सावलीत वाळू देते. आपले काम पाथरवटाचे आणि गवंड्याचे आहे, तेव्हा ‘बांधणे’ हेच योग्य.

भागांपैकी धूर वर नेणाऱ्या बांधकामाला ‘धुराडे’ हा रुळलेला शब्द आहेच. वरच्या फळीला काहीजण ‘भाणवस’ सुचवतील. परंतु भाणवस ही चुलीच्या मागची, भांडी ठेवण्याची उंच जागा होय, आणि आपली फळी विस्तवाच्या समोर, तोंडाच्या वर आहे. साधे ‘आगटीवरील फळी’ लिहावे.

तळाबाबत अधिक काळजी हवी, कारण तेथे दोन वेगळ्या वस्तू आहेत. लाकडे जळतात तो ‘आतला तळ’, आणि ठिणगी उडून जमिनीवर पडू नये म्हणून खोलीत पुढे आलेला तो ‘पुढचा दगड’. दोन्हींना ‘फरशी’ म्हटले, तर कामगार दोन्हीकडे एकच शहाबादी बसवून मोकळा होईल, आणि थरांची ती फरशी थेट जाळाखाली टिकणार नाही.

पूरक प्रश्न : आतल्या विटांना ‘पक्क्या विटा’ म्हणावे का? आणि सांधे सिमेंटने भरू द्यावेत का?

उत्तर : पक्की वीट म्हणजे नेहमीची भाजलेली वीट. येथे हवी ती जाळ सोसणारी ‘अग्निवीट’. भट्टीचे काम करणारे तिला ‘फायर ब्रिक’च म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द लिहावेत. त्या विटांच्या दरजा, म्हणजे सांधे, बारीक ठेवून अग्निमातीने (फायर क्ले) भराव्यात, कारण साधे सिमेंट वारंवार तापले की त्यात बांधले गेलेले पाणी निघून जाते आणि ते भेगाळते. बाहेरच्या काळ्या दगडाच्या दरजांना मात्र जुन्या पद्धतीचा, घाणीत दळलेला चुनाच वापरावा. काम झाल्यावर पहिला विस्तव लहान असावा, अन्यथा आतल्या ओलाव्याची वाफ होऊन नवे बांधकाम तडकते. ही सूचनाही अंदाजपत्रकातच यावी.

कलम असे लिहिता येईल : ‘दिवाणखान्यातील आगटीचा खचलेला आतला तळ उकलून अग्निविटांनी (फायर ब्रिक) अग्निमातीत नव्याने बांधणे, पुढचा तडकलेला दगड काढून त्याच मापाचा घडीव काळा दगड चुन्यात बसवणे, धुराडे आतून झाडून मोकळे करणे.’